‘हवालदार’ आणि ‘सरंजाम’ : सभासद बखरीतील सैन्यप्रकरणाविषयी
कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजी येथे लिहिलेल्या बखरीचे रसग्रहण बहुधा अफजलखानाच्या प्रसंगापाशी रेंगाळते. सैन्यरचनेचा व वेतनाचा भाग रूक्ष समजून तो इतिहाससंशोधकांवर सोपविला जातो. ही वाटणी स्वीकारार्ह नव्हे. शिवकालीन राज्याचे स्वरूप बखरीच्या गद्यातून जाणावयाचे, तर ते याच भागातून जाणले पाहिजे.

पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, अशी ही चढण आहे. जुमलेदारास सालिना ५०० होन, हजारीस १,००० होन. हुद्दा, संख्या आणि रक्कम याच क्रमाने आखूड वाक्ये चालतात. विशेषणांस तेथे फारसा थारा नाही. हा शैलीचा दोष नव्हे. सैन्याचा खर्च सरकारी खजिन्यातून रोख होत असेल, तरच हुद्द्याचा अर्थ इतका नेमका राहतो. ‘हवाला’ म्हणजे सोपवणूक. गडावरील हवालदाराकडे गड सोपविलेला असे, त्याच्या मालकीचा नसे. सबनीस व सरनोबत हे त्याच्या बरोबरीने नेमलेले असत, ते याचसाठी.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (१७१५–१६) हे गद्य बदलते. तेथे वाक्य लांबते व उपदेशाचा सूर धरते. वतनदारांविषयीची सावधगिरी त्यातून डोकावते. औरंगजेबाशी चाललेल्या दीर्घ युद्धात रोख वेतनाची व्यवस्था ढासळली होती. पुढे ‘सरंजाम’ या शब्दाने तो बदल नोंदविला. मूळ अर्थ साहित्य, सामग्री. रूढ झालेला अर्थ, फौजेच्या खर्चासाठी तोडून दिलेला मुलूख. खर्चाच्या बाबीचे नाव अशा रीतीने भूमीला चिकटले.

या शब्दांचा तिसरा टप्पा मंडणगड तालुक्यात पाहावयास मिळतो. येथील बाणकोट १७५६ मध्ये पेशव्यांशी झालेल्या तहाने इंग्रजांकडे गेला. कंपनीच्या पलटणींत हवालदार व सुभेदार हे शब्द टिकले, अधिकार मात्र आक्रसला : एके काळी सुभा सांभाळणारा सुभेदार गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली आला. तरीही याच तालुक्यातील आंबडवे हे मूळ गाव असलेल्या रामजी सकपाळांच्या, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वडिलांच्या, नावामागे ‘सुभेदार’ लागले, तेव्हा त्या शब्दाला वेगळेच मोल आले. पगार, निवृत्तिवेतन आणि पलटणीतील शाळा यांची वाट त्यात सामावली होती. १८९० नंतरच्या दशकात महारांची भरती बंद करण्यात आली आणि ती वाट रोखली गेली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत, पहिल्या महायुद्धातील अल्पकाळ वगळता, ती बंदच होती.

यावरून दिसते ते इतकेच की, लष्करी हुद्द्याचा अर्थ केवळ व्युत्पत्तीत सापडत नाही. वेतन कोण देतो, कशातून देतो आणि ते घेण्याचा हक्क कोणास आहे, यांवर तो ठरतो. आजचा पोलीस हवालदार डोळ्यांसमोर ठेवून बखर वाचणाऱ्यास तिच्यातील गड कळणार नाही. सभासदाची कोष्टके म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकानेही वाचावयास हवीत.