लाघव कुणाच्या सोयीचं? जुन्या संगणकांसाठीच्या हलक्या लिनक्सविषयी

मागच्या व्याख्यानात आपण न्यायशास्त्रातल्या लाघव-गौरव विचारापाशी थांबलो होतो. निघताना एका तरुण श्रोत्याने विचारलं, "सर, याचा आज कुठे उपयोग होतो?" पुढच्या वेळी सांगतो, म्हटलं होतं. आज ती उधारी फेडतो. उदाहरण मात्र तुम्हाला अनपेक्षित वाटेल. जुन्या संगणकांसाठी जी हलकी लिनक्स तयार करतात, तिच्यात काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ज्या रीतीने ठरवलं जातं, ती रीत मला तपासायची आहे.

मी या विषयात कसा पडलो ते आधी सांगतो. आमच्या भागातल्या वाचनालयाला कुणीतरी चार जुने संगणक दिले. दोनांत एक जीबी मेमरी, दोनांत जेमतेम ५१२ एमबी. माझा एक जुना विद्यार्थी आणि मी, आम्ही दोघांनी एका रविवारी बसून त्यांवर एक हलकी डिस्ट्रो चढवली. (तिचं नाव सांगत नाही, कारण दोष एकटा तिचा नाही.) यंत्रं मिनिटभरात सुरू व्हायला लागली, आम्ही खूश! मग मराठी वर्तमानपत्राचं पान उघडलं. पानभर नुसते चौकोन. देवनागरी फॉन्टच नव्हता. फॉन्ट आणून घातला, तर त्या हलक्या ब्राउझरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर यायला लागली आणि जोडाक्षरं फुटली. नेहमी येणारे एक काका वाकून बघत होते. म्हणाले, "सर, हा संगणक बोबडा आहे का हो?"

यामागचं कारण साधं आहे. आपण 'कि' लिहितो तेव्हा संगणकात आधी क साठवला जातो आणि मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी आधी काढायची, क आणि ष यांचा क्ष करायचा, हे काम फॉन्टला एकट्याला जमत नाही; अक्षरं जुळवणारा वेगळा कोड लागतो. रोमन लिपीचं त्याच्यावाचून बहुतेक भागतं. त्यामुळे ब्राउझर हलका करताना तो कोड कुणी वगळला, तर वगळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. त्याच्या पडद्यावर सगळं ठीकच दिसत असतं.

आता मूळ विषयाकडे येतो. डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा गाभा आणि त्याच्याबरोबर बांधून दिलेली शिदोरी. शिदोरी बांधणारा एक, खाणारा दुसरा. हलक्या डिस्ट्रोंच्या परंपरेत 'डॅम स्मॉल लिनक्स' हे मोठं नाव. जॉन अँड्र्यूज यांनी ती काढली आणि ५० एमबीची मर्यादा घालून घेतली, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाएवढ्या सीडीवर मावेल इतकी. ४८६ जातीच्या प्रोसेसरवर, १६ एमबी मेमरीत ती चालायची. पुढे काम थंडावलं. २०२४ मध्ये त्यांनी ती पुन्हा सुरू केली, या वेळी अँटीएक्स या डेबियनवर आधारलेल्या डिस्ट्रोच्या पायावर आणि ७०० एमबीच्या, म्हणजे पूर्ण सीडीच्या मर्यादेत.

ही सीडीची मर्यादा वाचून मी आधी हसलो होतो. सीडी आता वापरतं कोण? निव्वळ आठवणींचं कौतुक, असं माझं मत झालं. ते चुकीचं होतं. आमच्या चारांतल्या एका यंत्राचं बायोस पेनड्राइव्हवरून सुरू व्हायलाच तयार नव्हतं. सीडी घातली आणि चाललं. म्हणजे मर्यादा खऱ्या जुन्या यंत्राकडे बघून आखलेली आहे, आणि त्याबद्दल अँड्र्यूज यांना पूर्ण गुण दिले पाहिजेत.

पण मर्यादा पाळायला काही तरी काढावं लागतं. काय काढलं? सोर्स कोड, मदतीची पानं, दस्तऐवज आणि बऱ्याच भाषा. ठेवलं काय? अ‍ॅबीवर्ड, न्यूमेरिक, खेळ, आणि एक नाही, अनेक ब्राउझर. काढलेलं परत आणता येतं, तशी सोय दिलेली आहे, हेही सांगायला हवं. फक्त ते आणायला नेटवर्क लागतं. वायफाय जोडताना अडलं तर मदतीचं पान हवं, आणि मदतीचं पान हवं तर वायफाय जोडलेलं हवं. नैयायिक याला अन्योन्याश्रय म्हणतात आणि दोषांत धरतात.

इथे लाघवाचा विचार उपयोगी पडतो. आपल्या शास्त्रकारांनी लाघव तीन प्रकारचं मानलं. शरीरकृत लाघव म्हणजे घटक कमी असणं. उपस्थितिकृत लाघव म्हणजे गोष्ट मनात चटकन उपस्थित होणं. आणि संबंधकृत लाघव म्हणजे मधले दुवे कमी असणं. घटाचं कारण दंड म्हणावं, दंडाचं रूप म्हणू नये. कारण रूपाला घटापर्यंत पोचायला दंडामार्फत वळसा घालावा लागतो.

संबंधकृत लाघव या लोकांना उत्तम कळतं, आपल्याहून चांगलं कळतं. एखादा प्रोग्रॅम एवढासा असतो, पण तो चालायला पन्नास लायब्रऱ्या लागतात. नवरदेव एकटा आणि मागे शंभराची वरात. अँड्र्यूज यांनी प्रोग्रॅम निवडताना उपयोग, आकार आणि परावलंबन हे तिन्ही पाहिलं, असं ते सांगतात, आणि यादी बघितली की ते पटतं. शरीरकृत लाघव तर सगळेच मोजतात, कारण ते एमबीमध्ये मोजता येतं. मधलं, उपस्थितिकृत, ते मोजायला पट्टी नाही. म्हणून तेच आधी कापलं जातं. मदतीची पानं तिथलीच. वाचकाची भाषाही तिथलीच.

[श्रोत्यांतून प्रश्न: मग 'टायनी कोअर'चं काय?]

बरं झालं विचारलंत. डॅम स्मॉल लिनक्सवर आधी काम केलेल्या रॉबर्ट शिंगलडेकर यांनी ती सुरू केली. पडद्यावरच्या खिडक्यांसकट वीसएक एमबी. आत जवळजवळ काही नाही, हवं ते ज्याने त्याने आणावं. तत्त्व म्हणून मला हे आवडतं. दुसऱ्याच्या गरजा ठरवायच्याच नाहीत, हा एक प्रामाणिक मार्ग आहे. पण त्यांच्याच संकेतस्थळावर पाहा. ज्यांच्याकडे फक्त वायफाय आहे किंवा ज्यांचा कीबोर्ड अमेरिकी नाही, अशा नवख्यांनी 'कोअर प्लस' ही मोठी प्रत घ्यावी, असं सुचवलं आहे. म्हणजे काहीच न ठरवणाऱ्यानेही एक गोष्ट ठरवलेली आहेच: मूळ माणूस अमेरिकी कळफलकासमोर, तारेने जोडलेला बसलाय. बाकीचे 'प्लस'.

याउलट 'पपी'. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये काढलेली. कोरी बुद्धिमत्ता म्हणून टायनी कोअर तिच्याहून देखणी आहे. पण पपीत पायरीपायरीने विचारत जाणारे छोटे मदतनीस भरपूर आहेत: छपाई जोडायची का, नेट जोडायचं का. शरीराने थोडं गौरव पत्करून उपस्थितीत लाघव साधलेलं. निवृत्त माणसाला दुसरं काय हवं असतं?

डेबियनने २०२२ मध्ये सभासदांचं मतदान घेतलं आणि २०२३ च्या १२व्या आवृत्तीपासून मुक्त नसलेलं फर्मवेअर अधिकृत प्रतीत घालायला सुरुवात केली. तत्त्वनिष्ठांना ते बोचलं. माझा पेशा तत्त्वांचा असूनही मी या वेळी त्यांच्या बाजूने नाही. ते फर्मवेअर नसतं तर कित्येक लॅपटॉपचं वायफाय चाललंच नसतं, आणि वायफाय नसलेल्या माणसाला स्वातंत्र्याचा जाहीरनामा तरी कुठून वाचता येणार? त्याच डेबियनने २०२५ च्या १३व्या आवृत्तीत ३२-बिट संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय काढली, हेही ध्यानात ठेवा. हलक्या डिस्ट्रो ज्या झाडावर बसल्यात, ते झाडच सरकतंय. लुबुंटूने तर २०१८ मध्येच सांगून टाकलं की आता आमचा भर जुन्या यंत्रांवर नाही. तोंडावर सांगितलं, हे मला बरं वाटलं.

राहता राहिला ब्राउझर. डिस्ट्रो कितीही हलकी करा, आजची वेबपानं ५१२ एमबी मेमरीचा बघता बघता फडशा पाडतात. देवनागरी फॉन्टची एक फाइल मात्र एक एमबीचीही नसते. ७०० एमबीच्या सीडीत तिला जागा नाही असं कुणी म्हणालं, तर ते मला मान्य नाही. जागा होती, ती मागणारं माणूस तिथे नव्हतं.

वाचनालयात आम्ही शेवटी काय केलं? एक जीबीच्या दोन यंत्रांवर जरा मोठी डिस्ट्रो, मराठी फॉन्ट, इन्स्क्रिप्ट कळफलक आणि नेहमीचा फायरफॉक्स. सावकाश चालतो, पण शुद्ध दाखवतो. ५१२ एमबीच्या दोन यंत्रांवरून मात्र ब्राउझरच काढून टाकला. हे मी एकट्याने ठरवलं नाही. रोज येणाऱ्या वाचकांना बसवून विचारलं. त्यांना त्या यंत्रांवर जुनी पुस्तकं आणि दिवाळी अंक वाचायचे होते, पीडीएफमध्ये. नीट बनवलेल्या पीडीएफच्या पोटातच फॉन्ट असतो आणि अक्षरं आधीच जुळवलेली असतात, त्यामुळे छोट्यातला छोटा वाचकसुद्धा मराठी सरळ दाखवतो.

ते काका आता तिथेच बसलेले असतात. त्यांची एकच तक्रार आहे: अक्षर मोठं करायची कळ दर वेळी विसरायला होते, आणि मदतीची पानं तर काढलेली आहेत. ती कळ मी एका चिठ्ठीवर लिहून पडद्याखाली चिकटवली आहे.

चला, आता प्रश्न घेऊ.