वधस्तंभ की क्रूस? : एका ख्रिस्ती प्रतीकाचा अर्थ आणि गैरवापर

येशूच्या मृत्यूच्या साधनाला मराठीत दोन नावे आहेत. कॅथलिक परंपरेत ‘क्रूस’ रूढ आहे. प्रॉटेस्टंट बायबलने ‘वधस्तंभ’ हा शब्द स्वीकारला. हा भेद केवळ भाषांतराच्या सोयीचा नव्हे. ‘क्रूस’ आकृती दाखवतो, ‘वधस्तंभ’ कृत्य सांगतो. मूळ ग्रीक ‘स्टाउरोस’चा अर्थही रोवलेला खांब असाच असल्याने दुसरा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. सोन्याचा क्रूस गळ्यात सहज घालता येतो. सोन्याचा वधस्तंभ म्हटले की जीभ अडखळते, आणि ती अडखळायलाच हवी.

रोमन साम्राज्यात ही शिक्षा प्रामुख्याने गुलाम व बंडखोर यांच्यासाठी होती. म्हणूनच आरंभीच्या ख्रिस्ती चित्रांत मासा, जहाजाचा नांगर, मेंढपाळ दिसतात. क्रूसावरील येशू क्वचितच. रोममधील एका भिंतीवर गाढवाचे डोके असलेला क्रूसावरील मनुष्य कोरलेला आढळतो, तो टवाळीसाठी. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या काळी हे चिन्ह सैन्याकडे गेले. 1095 नंतरच्या धर्मयुद्धांत ते योद्ध्यांच्या वस्त्रांवर शिवले गेले. वध झालेल्याचे चिन्ह वध करणाऱ्याच्या हाती गेले. गैरवापर म्हणतात तो हाच. दागिना हा त्यामानाने किरकोळ दोष होय.

आपल्या भाषेच्या परिसरातील याचे उदाहरण गोव्यातील कुंकळ्ळीचे. जुलै 1583 मध्ये पाच जेजुइट चर्चसाठी जागा निवडून तेथे क्रूस उभारण्यास गेले. त्याआधी साष्टीतील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडलेली होती. अशा भूमीवर रोवलेला क्रूस ग्रामस्थांनी प्रेमाचे चिन्ह म्हणून वाचावा ही अपेक्षाच भाबडी होती. त्यांना त्यात मालकीची खूण दिसली. पाचही जेजुइट मारले गेले. पुढे कुंकळ्ळीच्या गावकारांना वाटाघाटीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. धर्मगुरूंना हुतात्मा म्हणून गौरविणाऱ्या परंपरेला गावकारांच्या या दगाबाज वधात क्रूस दिसला नाही, ही तिची मोठी उणीव आहे. त्याच साष्टीत वावरलेल्या फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये प्रसिद्ध झाले. ओवीतून येशूचे दुःख मराठीत आणणारा हा ग्रंथ आणि कुंकळ्ळीतील क्रूस एकाच मिशनची अपत्ये आहेत. एकाची थोरवी गाताना दुसऱ्याकडे डोळेझाक करता येत नाही.

अहमदनगर जिल्ह्यात (2024 पासून अहिल्यानगर) हे चिन्ह निराळ्या वाटेने आले. 1831 पासून येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले आणि पुढे महार-मांग समाजांतील अनेकांनी हा धर्म स्वीकारला. नव्या करारातील इब्री लोकांस पत्रात येशूने वेशीबाहेर दुःख सोसल्याचे म्हटले आहे. गावकुसाबाहेर म्हणजे काय, हे कर्जतच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. रेव्ह. ना. वा. टिळकांनी अभंग-कीर्तनातून ख्रिस्ताला मराठी रूप दिले. पण वेशीबाहेरच्या माणसाला हा अर्थ टीकाकाराच्या मदतीशिवाय कळला असावा, असे मला वाटते.

तथापि जात चर्चच्या दाराशी गळून पडली नाही. राज्यसंस्थेनेही 1950 च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांना व 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना नाही. त्यामुळे दाखल्यासाठी तहसीलच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या माणसाला गळ्यातील क्रूस सदऱ्याच्या आत सारावासा वाटला, तर त्याला श्रद्धेची उणीव म्हणणे मला मान्य नाही.