एकाच संगणकावर अनेक लिनक्स वितरणे : एक चिकित्सक परामर्श

प्रस्तावना :
लिनक्स हे मूलतः लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या कर्नलचे नाव होय. या कर्नलभोवती लायब्ररी व उपयोजने गुंफून डेबियन, फेडोरा, आर्च ही वितरणे उभी राहिली. सी-डॅकचे 'बॉस' हे भारतीय वितरणही डेबियनवर आधारलेले आहे. धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका विषयाला डेबियनचे स्थैर्य, तर दुसऱ्याला आर्चमधील नवी आवृत्ती हवी असू शकते. संगणक मात्र तेच असतात. ही गरज भागविणाऱ्या दोन मार्गांचे मूल्यमापन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अडचणीचे स्वरूप :
'एलियन' या साधनाने आरपीएम पॅकेजचे डेब पॅकेज करता येते. परंतु वेष्टन बदलल्याने आतील गरज बदलत नाही. नव्या ग्लिबसीवर बांधलेली आज्ञावली जुन्या ग्लिबसीवर बहुधा चालत नाही. अल्पाइनमध्ये तर ग्लिबसीऐवजी मसल ही निराळीच लायब्ररी असते. म्हणून आज्ञावलीसोबत तिचा परिसरही आणावा लागतो. या विचाराचे मूळ १९७९ च्या युनिक्समधील 'सीएचरूट' या सोयीत आढळते.

दोन मार्ग :
पहिला मार्ग बेडरॉक लिनक्सचा. यात प्रत्येक वितरणाला 'स्ट्रॅटम' म्हणजे थर म्हटले जाते. जिल्ह्यातील तेर येथील उत्खननात थर काळाच्या क्रमाने एकाखाली एक सापडतात. बेडरॉकचे थर मात्र एकाच वेळी कार्यरत असतात आणि एका थरातील आज्ञा दुसऱ्या थरातून सहज चालते. दुसरा मार्ग २०२१ मध्ये आलेल्या डिस्ट्रोबॉक्सचा. तो पॉडमन किंवा डॉकरच्या साहाय्याने अन्य वितरण कंटेनरमध्ये चालवितो. कर्नल दोहोंतही एकच असते.

मूल्यमापन :
एकजिनसीपणाच्या कसोटीवर बेडरॉक निःसंशय सरस ठरते. त्यात सुरुवातीची प्रक्रियादेखील हव्या त्या थरातून निवडता येते. परंतु ते आधीच्या प्रणालीवर ताबा मिळवून स्थापित होते आणि नंतर काढून टाकता येत नाही. प्रणाली नव्याने भरणे हाच उपाय उरतो. डिस्ट्रोबॉक्सचा कंटेनर पुसला तरी मूळ प्रणाली शाबूत राहते. तथापि तो सुरक्षित कप्पा आहे, असा समज घातक होय. वापरकर्त्याची होम निर्देशिका त्यात सामायिक असते; कंटेनरमधील सदोष आज्ञावली विद्यार्थ्याचा प्रकल्प नष्ट करू शकते. शिवाय दोन्ही मार्गांत प्रत्येक वितरणाच्या लायब्ररी स्वतंत्र जागा व्यापतात आणि प्रत्येकाची सुरक्षा अद्यतने वेळेवर करावी लागतात. डेबियन अद्ययावत केल्याने शेजारचे फेडोरा अद्ययावत होत नाही.

निष्कर्ष :
'काय काय चालविता येते' या प्रश्नाइतकाच 'बिघडल्यास मागे फिरता येते काय' हा प्रश्न महत्त्वाचा आहे. वैयक्तिक अभ्यासासाठी बेडरॉक उद्बोधक आहे; अनेकांच्या वापरातील व स्वतंत्र तंत्रज्ञ नसलेल्या प्रयोगशाळेत मात्र डेबियनसारखा स्थिर पाया आणि त्यावर मोजके कंटेनर हाच मार्ग इष्ट वाटतो. वितरणांची संख्याही देखभालीच्या कुवतीइतकीच असावी. निवडीचे स्वातंत्र्य हे मुक्त सॉफ्टवेअरचे बळ खरे. पण ते निभावण्याची जबाबदारी कोणतेही साधन वापरकर्त्याकडून काढून घेत नाही.