दार आणि कमान

जबलपूरच्या भर बाजारातील कमानिया गेट ही १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून ओळखली जाते. तिच्याखालून शहर दिवसभर ये-जा करते. पण ती ओलांडल्याने कोणी घर सोडले, असे होत नाही. कमानीला कवाड नसते. इब्सेनच्या नोराने ओलांडलेल्या दाराला मात्र कवाड आहे आणि ते लागल्याचा आवाज हाच त्या नाटकाचा शेवट आहे. नॉर्वेचे नाट्य आपलेसे करताना मराठीने हे दार राखले की त्याची कमान केली, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

नोराचे नाटक डिसेंबर १८७९ मध्ये कोपनहेगनला प्रथम झाले आणि पुढच्याच महिन्यात ख्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ऑस्लोच्या, रंगभूमीवर आले. नॉर्वेत विवाहित स्त्री कायद्याने सज्ञान ठरली ती १८८८ मध्ये. तेव्हा पित्याची खोटी सही करून नोराने काढलेले कर्ज ही तेथील प्रेक्षकाच्या दृष्टीने केवळ कथानकाची क्लृप्ती नव्हती. जर्मनीतील एका अभिनेत्रीने मुलांना टाकून जाण्यास नकार दिला, तेव्हा इब्सेनने नोराला थांबविणारा शेवट स्वतः लिहून दिला. पण तो रानटीपणा आहे, हेही त्याने लपविले नाही.

मराठीत नॉर्वेचे ठळक पाऊल उमटले ते ब्यर्नसनमुळे. त्याच्या १८८३ च्या नाटकात वाङ्‌निश्चय झालेली नायिका वराकडे स्वतःइतक्याच शुचितेची मागणी करते आणि हातमोजा त्याच्या तोंडावर फेकते. श्री. वि. वर्तकांनी त्यावरून रचलेले ‘आंधळ्यांची शाळा’ नाट्यमन्वंतरने १९३३ साली रंगभूमीवर आणले. वास्तव नेपथ्य, स्त्रीभूमिकेत स्त्रिया, पदांची काटछाट यांचा गौरव झाला, तो यथार्थच. तथापि नाटक नवे ठरले ते मुख्यतः मांडणीमुळे. मूळ मागणीची चर्चा मागे पडली.

‘बिंबा’ साकारणाऱ्या ज्योत्स्ना भोळे यांनीच १९४२ मध्ये रांगणेकरांच्या ‘कुलवधू’त भानुमती उभी केली. या नाटकामागे इब्सेनची प्रेरणा मानली जाते. परंतु नोरा परावलंबी आहे, तर भानुमती मिळवती नटी. तेथे कायदा स्त्रीला अडवितो. येथे पतीचा अभिमान दुखावतो. प्रश्नाची भूमीच बदलली.

हा दोष म्हणावा काय? सर्वस्वी नाही. एकत्र कुटुंबातील सून केवळ पतीला सोडून जात नाही. सासू-सासरे, देवघर, माजघर यांतूनही तिला उठावे लागते. रूपांतरकाराने या उंबरठ्याची उंची ओळखणे हे त्याचे कर्तव्यच होय. पण उंबरठा उंच आहे, म्हणून दारच काढून टाकणे हे रूपांतर नव्हे, माघार होय. मराठी रूपांतरांची परीक्षा यापुढे नेपथ्यावरून न होता या एकाच कसोटीवर व्हावी: नायिका बाहेर पडल्यावर मागे काही बंद होते काय?