धावणारे मूल आणि काठावरचे आईबाप

शर्यतीवरील चित्रपटांत एक प्रसंग हमखास असतो. धावपटू शेवटच्या वळणावर येतो, पार्श्वसंगीत टिपेला पोहोचते, आणि नेमक्या त्याच क्षणी दिग्दर्शक धावणाऱ्यास सोडून प्रेक्षकांतील आईच्या किंवा बापाच्या चेहऱ्याकडे वळतो. तेथे डबडबलेले डोळे असतात, जोडलेले हात असतात, मुठीत देवाचा अंगाराही असतो. फीत तुटते ती मुलाच्या छातीने. पण ती तुटल्याचा आनंद आपणांस पाहावा लागतो तो वडिलांच्या मुद्रेवर. ही युक्ती इतकी रुळली आहे की तीत खटकण्यासारखे काही आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. आम्हांस ते खटकते. यास्तव एक कथा आणि दोन-तीन चित्रपट यांचा विचार येथे एकाच दृष्टीने करण्याचे आम्ही योजिले आहे: पोर धावू लागले म्हणजे वडीलधाऱ्यांस जो अभिमान वाटतो, त्याचे खरे स्वरूप या कलाकृतींनी कितपत ओळखले आहे?

हा प्रश्न केवळ रसास्वादाचा आहे असे समजू नये. आमच्याकडे देवस्थानांच्या सभामंडपांतून गुणवंत मुलामुलींचे सत्कार होतात. शालान्त परीक्षेतील यशाबरोबर आता शर्यतीतील पदकालाही शाल-श्रीफळ मिळू लागले आहे, ही आनंदाची गोष्ट होय. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले; माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी धावल्या. खेड्यातील मुलीने पहाटे उठून पळावे, यात आता कोणास वावगे वाटत नाही. परंतु व्यासपीठावरून नाव पुकारले जाते ते 'अमुकांची कन्या' असे, आणि श्रीफळ स्वीकारण्यास मुलीबरोबर वडीलही वर येतात. नंतर जे छायाचित्र निघते त्यात पदक कोणाच्या हाती असते, हे वाचकांनी आपले आपण आठवून पाहावे.

मराठीत या भावनेसाठी दोन शब्द आहेत आणि ते आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. एक अभिमान, दुसरा कौतुक. सांख्यांनी अहंकाराचे लक्षण सांगताना अभिमान हाच शब्द योजिला आहे. 'हे मी, हे माझे' ही त्याची मूळ वृत्ती. कौतुकाच्या मुळाशी कुतूहल आहे, नवल आहे. ज्याचे कौतुक करावयाचे ते आपणांहून वेगळे, आपल्या समोर उभे असावे लागते. तान्हे मूल पहिले पाऊल टाकते तेव्हा आई त्याचे कौतुक करते. त्या पावलाचा अभिमान धरण्याचे तिला सुचतही नाही. तेच मूल पंधराव्या वर्षी मैदानावर पळू लागते, हातात वेळ मोजण्याचे घड्याळ येते, गेल्या खेपेपेक्षा दोन सेकंद कमी की जास्त याची चर्चा जेवणाच्या पानावर होऊ लागते, आणि केव्हातरी कौतुकाचा अभिमान होऊन जातो.

या स्थित्यंतराचे सर्वांत निष्ठुर चित्रण आम्हांस आढळले ते ॲलन सिलिटो या इंग्रज लेखकाच्या १९५९ सालच्या दीर्घकथेत. 'द लोनलिनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर' हे तिचे नाव. सिलिटो नॉटिंगहॅमच्या कामगारवस्तीतला. चौदाव्या वर्षी शाळा सोडून कारखान्यात गेलेला. त्याचा नायक स्मिथ हा सतरा वर्षांचा मुलगा बेकरीतील पैसे चोरल्याबद्दल बोर्स्टलमध्ये, म्हणजे बालगुन्हेगारांच्या सुधारगृहात, येऊन पडला आहे. तेथील गव्हर्नरास त्याच्या लांब पायांचा उपयोग दिसतो. सर्व बोर्स्टलांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत आपल्या संस्थेस करंडक मिळावा, ही त्याची आकांक्षा. स्मिथला पहाटे एकट्याने फाटकाबाहेर पळण्याची मुभा मिळते, आणि कैदेत असलेला हा पोरगा त्या गोठलेल्या शेतांतून धावताना प्रथमच मोकळा होतो. शर्यतीच्या दिवशी तो सर्वांच्या पुढे असतो, जिंकणे त्याच्या हाती असते, आणि अखेरच्या रेषेआधी तो मुद्दाम रेंगाळतो. दुसऱ्यास पुढे जाऊ देतो.

हा गव्हर्नर दुष्ट नाही. तो प्रेमळ बोलतो, प्रामाणिकपणाचे धडे देतो, मुलाच्या भावी कारकीर्दीची स्वप्ने रंगवितो. बोर्स्टलमध्ये त्याचे स्थान पित्याचे आहे, आणि त्याचा अभिमानही पित्याचाच आहे. केवळ त्यातील माया काढून घेतलेली आहे. त्यामुळे एरवी मायेच्या आवरणाखाली जे झाकले जाते ते येथे उघडे पडते. एखादा भला बाप ही कथा वाचून 'हे आमच्यासंबंधी नव्हे' असे म्हणेल. आमच्या मते ती त्याच्याचसंबंधी आहे.

परंतु कथेचा खरा गाभा याहून खोल आहे, आणि पुष्कळ समीक्षकांनी बंडखोरीच्या गजरात तिकडे दुर्लक्ष केले. धावता धावता स्मिथला आठवतो तो आपला मेलेला बाप. घशाच्या कर्करोगाने पिडलेल्या त्या कामगाराने इस्पितळात जाण्याचे नाकारले, आणि तो आपल्या बिछान्यावरच मेला. रक्ताने माखलेल्या त्या बापास प्रथम पाहिले ते या मुलाने. तो मरताना जसा कोणापुढे वाकला नाही तसेच आपणही वाकावयाचे नाही, हा निश्चय स्मिथच्या पायांत उतरतो. म्हणजे शर्यतीत अभिमान आहेच, पण त्याचा प्रवाह उलटा आहे: तो बापाकडून मुलाकडे येत नाही, मुलाकडून बापाकडे जातो. ज्या बापाने मुलाची एकही शर्यत पाहिली नाही त्याच्यासाठी मुलगा ही शर्यत हरतो. रेषेजवळ उभ्या असलेल्या मानलेल्या बापास यातले अक्षरही कळत नाही.

टोनी रिचर्डसनने १९६२ साली या कथेचा चित्रपट केला. पटकथा सिलिटोचीच, स्मिथचे काम टॉम कोर्टने याने व गव्हर्नरचे मायकेल रेडग्रेव्हने केले आहे. चित्रपटात प्रतिस्पर्धी म्हणून बड्या खाजगी शाळेतील मुले आणली आहेत. वर्गभेद ठळक करण्यास ते सोयीचे झाले, पण कथेतील एकांत त्यामुळे थोडा उथळ झाला असे आम्हांस वाटते. बापाच्या मृत्यूनंतर आलेल्या पैशांतील एक नोट मुलगा जाळतो, तो प्रसंग मात्र शब्दांहून बोलका आहे. आमचा आक्षेप दोहोंवरही एकच आहे. हरण्याखेरीज स्मिथला स्वातंत्र्याचा दुसरा मार्ग लेखकाने ठेवलेलाच नाही. जिंकणे म्हणजे शरणागती, हरणे म्हणजे मुक्ती, हे समीकरण फार सोपे झाले. ज्या पायांना पहाटे एकट्याने पळण्यात एवढे सुख होते त्यांना पुढे निघून जाण्यातही काही सुख असेल; तेही त्यांचे स्वतःचेच नव्हे काय? अभिमान धरणाऱ्यास शासन करण्याच्या भरात सिलिटोने मुलाचे ते सुख बळी दिले.

आमच्या देशातील उदाहरण घ्यावयाचे तर सौमेंद्र पाढी यांचा 'बुधिया सिंह: बॉर्न टू रन' हा २०१६ साली प्रदर्शित झालेला चित्रपट घ्यावा लागेल. त्यातील मूल किशोरवयाचेही नाही, ही त्याची भीषणता. २ मे २००६ रोजी चार वर्षांच्या बुधियाने पुरीहून भुवनेश्वरच्या दिशेने ६५ किलोमीटर अंतर सुमारे सात तासांत कापले. पूर्ण मॅरेथॉनच्या दीडपटीहून अधिक हे अंतर आहे. त्याला सांभाळणारे, शिकविणारे आणि धावविणारे ज्यूदो-शिक्षक बिरंची दास यांची भूमिका मनोज बाजपेयी यांनी केली आहे. बुधिया झाला आहे मयूर पाटोळे. बाजपेयींच्या अभिनयात माया आणि महत्त्वाकांक्षा यांचे मिश्रण असे झाले आहे की दूध कोणते व पाणी कोणते हे निवडता येऊ नये. दिग्दर्शकानेही निवाडा प्रेक्षकांवर सोपविला. सरकारी बालकल्याण अधिकाऱ्यांना खलनायक करण्याचा मोह अधूनमधून होतो, तेवढे सोडल्यास हा संयम प्रशंसनीय आहे. परंतु या सर्व वादंगात बुधियास स्वतःस काय वाटते हे आपणांस कळते थोडेच. शिक्षक बोलतो, अधिकारी बोलतात, वृत्तपत्रे बोलतात, मूल पळते. चार वर्षांच्या पोराकडून भाष्याची अपेक्षा आम्ही करीत नाही. पण कॅमेऱ्यास बोलता येते. बिरंचींच्या चेहऱ्यावर तो जितका वेळ थांबतो तितका बुधियाच्या चेहऱ्यावर थांबता तर चित्रपटाचा तोल निराळा झाला असता.

'भाग मिल्खा भाग' (२०१३) येथे बाजूस ठेवलेला बरा. १९४७च्या कत्तलीत बाप गेलेल्या मुलाच्या धावण्याची ती कहाणी आहे, आणि तेथे काठावर कोणी उभेच नाही.

आमच्या वाचकांस एव्हाना आपल्या घरातील शर्यतीची आठवण झाली असेल. शिवपुराणातील कथेत विवाह आधी कोणाचा, यासाठी कार्तिकेय व गणेश यांना पृथ्वीप्रदक्षिणेची पैज लावली जाते. गणेश मातापित्यांस प्रदक्षिणा घालून जिंकतो. ही कथा आपण पिढ्यान् पिढ्या मुलांस सांगत आलो, आणि सांगताना आपण कोणत्या बाजूस उभे असतो हे कधी ध्यानात घेतले नाही. ती मातापित्यांनी मुलांस सांगितलेली, मातापित्यांच्या गौरवाची कथा आहे! तीत पृथ्वी खरोखर पालथी घालणारा एकच आहे, आणि तो परत येतो तो लग्न लागून गेलेल्या घरात. तो रुसून क्रौंच पर्वतावर निघून गेला, एवढ्यावर आपली सांगण्याची हौस संपते. पुराण मात्र तेथे थांबत नाही. पुत्रवियोगाने व्याकूळ झालेली शिवपार्वती त्याच्यामागून जातात, तो आणखी तीन योजने दूर सरतो, आणि ती दोघे तेथेच राहतात. श्रीशैलावरील मल्लिकार्जुनाचे माहात्म्य ते हेच. अमावास्येस शंकर आणि पौर्णिमेस पार्वती पुत्रास पाहण्यास जातात असे पुराण सांगते. हैदराबाद व बेळगाव भागांतील आमच्या वाचकांपैकी जे श्रीशैलास जाऊन आले असतील त्यांनी दर्शन घेतले ते या वाट चालणाऱ्या आईबापांचे. ज्याचा पराक्रम आपण नीट पाहिला नाही त्याच्याकडे मोठ्यांनी चालत जावे, ही कल्पना शर्यतीवरील एकाही चित्रपटकारास सुचू नये याचे आम्हांस नवल वाटते.

तिच्या जवळपास पोहोचला आहे तो इराणचा माजिद मजिदी. त्याचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७) वरवर पाहता पोरांचा चित्रपट. अली नावाच्या मुलाकडून बहिणीचे बूट हरवतात. नवे घेण्यास वडिलांपाशी पैसे नाहीत हे जाणून दोघे भावंडे एकच जोडी आळीपाळीने घालून शाळेत जातात. पुढे एका आंतरशालेय शर्यतीत तिसरे बक्षीस बुटांचे आहे असे अलीला कळते, आणि तो तिसरा येण्यासाठी धावतो. पडतो, उठतो, भान हरपून पळतो, आणि पहिला येतो. शिक्षक त्याला खांद्यावर घेतात, मोठी माणसे त्याच्याबरोबर छायाचित्र काढवितात, आणि मुलगा मान खाली घालून रडत असतो. तो का रडतो हे कोणी विचारीत नाही. शाळेचा अभिमान आणि मुलाचे दुःख एकाच चौकटीत बसविणारा हा प्रसंग आमच्या दृष्टीने शर्यतपटांतील सर्वश्रेष्ठ होय. सिलिटोने जे सांगण्यासाठी नायकास हरविले ते मजिदीने त्याला जिंकवून सांगितले, आणि धावण्यातील आवेश तसूभरही कमी केला नाही.

आणि वडील? ते मैदानावर नाहीत. मुलगा शर्यतीत उतरला आहे हे त्यांना ठाऊकच नाही. रेझा नाजी यांनी उभा केलेला हा करीम तापट आहे, कष्टाळू आहे, मशिदीसाठी साखर फोडताना त्यातील एक खडाही घरच्या चहात न घालणारा आहे. मुलांवर तो ओरडतो. त्याच्या तोंडी कौतुकाचे भाषण नाही. अली रिकाम्या हाताने घरी येतो, बहीण त्याच्या चेहऱ्यावरून काय ते समजून आत निघून जाते, आणि तो सोललेले पाय अंगणातील हौदात सोडतो. लाल मासे त्या पायांभोवती जमतात. तिकडे करीमच्या सायकलीवर, बाजारातून आणलेल्या सामानात, दोन नव्या बुटांच्या जोड्या आहेत. मुलाने पहिला क्रमांक मिळविल्याचे त्याला अद्याप कोणी सांगितलेले नाही.