दरवाज्याच्या अलीकडचा इतिहास

घरबसल्या किल्ले आणि लेणी पाहण्याची सोय झाली, या गोष्टीला मी नाक मुरडणार नाही. गड चढण्याचे बळ नसलेल्या म्हाताऱ्याला आणि गाडीभाड्याला पैसे नसलेल्या पोराला ही सोय मोठीच आहे. २०१४ साली गूगलने पुरातत्त्व खात्याच्या साहाय्याने ताजमहाल व इतर अनेक स्मारके अशी खुली केली. आज अकोल्यातल्या आमच्या वस्तीतली पोरे मोबाइलवर बोट फिरवून तिथे हिंडतात. तिकीट नाही, जात विचारणारा कोणी नाही. माझा आक्षेप वेगळा आहे.

ही आभासी सहल दरवाजा ओलांडूनच सुरू होते. नरनाळ्याचे उदाहरण घ्या. अकोट तालुक्यातल्या या गडाचा महाकाली दरवाजा १४८७ साली फतेउल्ला इमाद-उल-मुल्क याने बांधला. कमान, सज्जे, कोरीव अक्षरे हे सारे अभ्यासून दाखवावे, जरूर दाखवावे. पण 'बांधला' हे क्रियापद फार लबाड आहे. धोंडे कोणी फोडले, चुना कोणी वाहिला, या प्रश्नांना त्यात जागाच नाही. पाहणाऱ्याला राजाचे डोळे बसवून दिले जातात, आणि आमची पोरे त्याच डोळ्यांनी गड पाहून खूश होतात!

अमरावतीच्या अंबादेवीची अशी सहल केली तर ती सरळ गाभाऱ्यात जाईल. आमचा इतिहास गाभाऱ्यात नाही. तो दाराच्या अलीकडे आहे. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी याच शहरात, इंद्रभुवन थिएटरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. प्रश्न याच देवळाच्या प्रवेशाचा, सत्याग्रहाचा होता. चवदार तळ्याला जेमतेम आठ महिने झाले होते. परिषद चालू असतानाच थोरले बंधू बाळाराम गेल्याची बातमी बाबासाहेबांना कळली. हा दिवस कोणत्या कमानीवर कोरलेला आहे?

अभ्यासक म्हणतील, पुरावा असेल तेवढेच आम्ही दाखवू. मान्य. पण पुरावा म्हणजे फक्त दगड काय? ॲमस्टरडॅममध्ये ॲन फ्रँक जिथे लपून राहिली त्या खोल्या तिच्या वडिलांच्या इच्छेवरून रिकाम्या ठेवल्या आहेत; आभासी सहलीत मात्र त्या सामानसुमानासह उभ्या केल्या आहेत. तिथे रिकामी खोली पुराव्याच्या आधाराने भरता येते, तर इथे मिटवलेली माणसे का उभी करता येऊ नयेत? 'बहिष्कृत भारत'चे अंक आहेत, जलशांची गाणी आहेत, बापाच्या तोंडून ऐकलेले सांगणारे म्हातारे आहेत. अर्थात हे सारे तपासूनच घ्यावे लागेल. राजांच्या पोवाड्यांना आपल्या पोवाड्याने उत्तर देणे हा काही इतिहास नव्हे, आणि तो मोह आमच्यातही आहे.

माझी मागणी साधी आहे. अंबादेवीच्या सहलीत पाहणारा १९२७ साली दाराशी उभा राहावा. त्याने बोट पुढे सरकवावे, आणि चित्र हलू नये. का हलत नाही, हे तिथेच कागदपत्रांसह सांगावे. आणि कॅमेरे घेऊन गडावर जाण्याआधी कोणीतरी अमरावतीच्या जुन्या वस्त्यांत जावे. ऐकलेले सांगणारे ते म्हातारे आता थोडेच उरले आहेत.