इस्सरियवोस्सग्ग : पळीपुरता की घरापुरता?

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त हा गृहस्थांचा विनय मानला जातो. पतीची पाच कर्तव्ये त्यात सांगितली आहेत : पत्नीचा सन्मान, अवमान न करणे, एकनिष्ठा, इस्सरियवोस्सग्ग म्हणजे अधिकार सोपविणे, आणि अलंकार देणे. मारहाणीचा स्वतंत्र निषेध या यादीत नाही. तथापि चौथे कर्तव्य मारहाणीच्या मुळावरच घाव घालते. कारण पत्नीवर हात उगारणारा पुरुष केवळ क्रोधाने नव्हे, तर आपण तिचे धनी आहोत या समजुतीने तो उगारतो.

बुद्धघोषांच्या अट्ठकथेने मात्र या पदाचा अर्थ आकुंचित केला. पत्नीच्या हाती पळी देऊन स्वयंपाकघर तिच्या मर्जीवर सोडले की सर्व अधिकार सोपविला गेला, असे तेथे म्हटले आहे. अशाने चूल तिची झाली. उरलेले घर पुरुषाचेच राहिले.

त्या उरलेल्या घरात काय घडत होते, हे बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात वाचावयास मिळते. सासुरवाशिणीच्या पायांत खोडा घालणे, तिचे नाक कापणे ही तेथे मर्दपणाची साक्ष ठरते. एवढे निर्भीडपणे लिहिणाऱ्या लेखिकेने स्वतःच्या संसारातील मारहाणीचा उच्चार मात्र पुस्तकात केला नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी अनुवादासोबतच्या मुलाखतीत पतीचा संशय आणि मार यांविषयी त्या बोलल्या. समाजाचे दुःख सांगता येते, पतीचे वर्तन सांगता येत नाही. हे मौनही त्याच धनीपणाचे फळ होय.

गावाने अवमानिलेला पुरुष घरात त्याची भरपाई करतो, हे स्पष्टीकरण खरे असले तरी अपुरे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ४४ टक्के पुरुषांनी आणि ४५ टक्के स्त्रियांनी पत्नीला मारण्याचे एखादे तरी कारण समर्थनीय मानले. ही धारणा एका जातीची वा वर्गाची नाही.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, पत्नीने पतीची मैत्रीण व समान म्हणून उभे राहावे, दासी होण्यास नकार द्यावा. इस्सरियवोस्सग्गाचे खरे भाष्य हेच आहे. पळी देऊन दंड स्वतःकडे ठेवणाऱ्या उपासकाने गिहिविनय पाळला, असे म्हणता येणार नाही.